विस्मृत स्वरांचा डॉक्टर : टॉम वॉल्श

आयर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येट्स येतो, शॉ येतो, फार तर स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात डी व्हॅलेरा येतो. त्याच देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर वेक्सफर्ड नावाचे एक जुने बंदर आहे आणि तेथील एका डॉक्टरने आपल्या गावाचे नाव युरोपच्या संगीतजगात सर्वतोमुखी केले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या डॉक्टरचे नाव थॉमस जोसेफ वॉल्श. त्यांचा जन्म १९११ सालचा, वेक्सफर्डचाच. (योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईच्या ऑपेरा हाऊसचे उद्घाटन पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते झाले. तेथे पुढे बालगंधर्व गायले, मग सिनेमे लागले, आणि आता बहुतेकांना ते नाव बसच्या पाटीवरूनच ठाऊक असते!)

ऑपेरा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण मलाही ते मुद्दाम समजून घ्यावे लागले. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असता मध्येच ऑर्गनवाला सूर देतो आणि पद सुरू होते. ऑपेरात बहुधा संवादही गाण्यातच असतात. पात्राला नुसते दार उघड असे म्हणायचे असले तरी ते सुरात म्हणावे लागते. रंगमंचापुढील खोलगट जागेत चाळीस-पन्नास वादक बसतात, त्यांच्यापुढे संचालक उभा असतो. ध्वनिवर्धक नसतो. गायकाने या सर्व वाद्यांवरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो. शिवाय समूहगायक, नेपथ्य, वेशभूषा! म्हणजे हे प्रकरण अतोनात खर्चाचे. त्यामुळे मोठमोठी नाट्यगृहे ज्या कृतींना हमखास गर्दी होते त्याच पुनःपुन्हा लावतात. मोझार्ट, व्हेर्दी, वाग्नर, पुच्चिनी यांच्या मोजक्या कृती वर्षानुवर्षे चालू राहतात आणि बाकीच्या शेकडो कपाटात जातात.

वॉल्श यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले, गावी परत येऊन व्यवसाय सुरू केला आणि पुढे तेथील जिल्हा रुग्णालयात ते भूलतज्ज्ञ म्हणून काम करीत. गाण्यावर त्यांचे पोट नव्हते. ऑपेराचे वेड मात्र जबर होते. नवे शिकलेले लोक गाव सोडून जाण्याचाच तो काळ. १९५० ते ६० या दशकात सुमारे चार लाख माणसे आयर्लंड सोडून गेली, आणि इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटी वेक्सफर्डच्या जवळच्याच रॉसलेअर बंदरातून सुटत. वेक्सफर्डची वस्ती दहा-बारा हजारांची. बंदर गाळाने भरत आलेले, रस्ते इतके चिंचोळे की दोन गाड्यांना वांधे. सकाळच्या एस. टी.ने मुंबई-पुण्याकडे निघालेली पोरे आम्हां खेड्यातल्यांनी लहानपणापासून पाहिलेली असतात, त्यामुळे हे वर्णन वाचताना मला ते गाव परके वाटले नाही.

अशा गावात १९५० साली वॉल्श यांनी ऑपेरा अभ्यासमंडळ काढले. अभ्यास म्हणजे काय, तर फोनोवर तबकड्या लावायच्या, ऐकायच्या आणि चर्चा करायची. मंडळाच्या पहिल्या सभेला त्यांनी पाहुणा बोलावला तो मात्र साधासुधा नव्हता. कॉम्प्टन मॅकेन्झी हे त्या काळचे गाजलेले कादंबरीकार आणि १९२३ पासून निघणाऱ्या द ग्रामोफोन या मासिकाचे संस्थापक. नोव्हेंबर १९५० मध्ये ते आले, मंडळाचा उत्साह त्यांनी पाहिला आणि असे सुचवले की, नुसत्या तबकड्या ऐकत बसण्यापेक्षा गावात नाट्यगृह असताना स्वतःच एक ऑपेरा का करू नये? पाहुण्यांनी जाता जाता असे काही सुचवावे आणि यजमानांनी हसून मान डोलवावी, ही जगाची रीत. वॉल्श यांनी ते मनावर घेतले.

त्यांच्या भोवती जमलेली माणसे कोण होती हे पाहण्यासारखे आहे. यूजीन मॅकार्थी हे गावातील व्हाइट्स हॉटेलचे मालक. डेस फ्रेंच हे आणखी एक डॉक्टर. आणि शेमस ओड्वायर हे चक्क पोस्टमन! दिवसभर पत्रे वाटणाऱ्या या गृहस्थाला ऑपेराच्या तबकड्यांची आणि गायकांची दांडगी माहिती होती. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेली मी पहिलीच. अभिजात कला ही ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्यांचीच, असे दडपण माझ्यासारखीच्या मनावर असते. सभागृहात मागच्या रांगेत बसताना ते जाणवते. एका अजरामर कलाप्रकाराचा उत्सव ठरवणाऱ्या समितीत पोस्टमन बसलेला पाहून ते थोडे हलके झाले, हे सांगितले पाहिजे.

वेक्सफर्डचे थिएटर रॉयल १८३२ सालचे. हाय स्ट्रीट या नावाच्या पण गल्लीवजा रस्त्यावर, घरांच्या रांगेत दडलेले. तेथे तेव्हा सिनेमे दाखवले जात. रंगमंच आखूड, विंगा नावापुरत्या, वादकांची जागा एवढीशी. या जागेत २१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९५१ या काळात पहिला महोत्सव झाला. त्यासाठी निवडलेली कृती होती मायकेल विल्यम बाल्फ या संगीतकाराची द रोझ ऑफ कॅस्टील. बाल्फ जन्मला डब्लिनला, पण त्याचे बालपण काही काळ वेक्सफर्डमध्ये गेले होते. त्याचा हा ऑपेरा १८५७ साली लंडनला रंगभूमीवर आला, एके काळी खूप गाजला आणि नंतर विस्मृतीत गेला. कथानक म्हणाल तर राणी शेतकरीण होऊन हिंडते आणि तिचा नियोजित वर खेचरे हाकणारा बनून हिंडतो! आपल्या जुन्या नाटकांतील वेषांतरे आठवावीत. आयर्लंडच्या आकाशवाणीचा लहान वाद्यवृंद डर्मट ओहारा यांच्या संचालनाखाली साथीला होता, प्रमुख भूमिकांसाठी काही व्यावसायिक गायक आणले होते, आणि समूहात गावचीच माणसे गायली. ऑक्टोबर संपता संपता आयर्लंडच्या किनाऱ्यावर थंडी आणि पाऊस, पर्यटक केव्हाच परतलेले. तरी प्रयोग झाले आणि महोत्सव दर वर्षी करायचा असे ठरले.

पहिल्याच वर्षापासून वॉल्श यांचे धोरण पक्के होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९५२ आणि ५३ साली त्यांनी दोनिझेत्तीच्या एलिझिर दामोरे आणि डॉन पास्क्वाले या प्रसन्न सुखात्मिका केल्या. त्या काही अगदी अज्ञात नव्हत्या. पण हळूहळू दिशा स्पष्ट होत गेली. लंडन किंवा मिलान येथे जे उत्तम होते तेच वेक्सफर्डमध्ये कमी पैशात करून दाखवले तर समुद्र ओलांडून कोण येणार? जे दुसरीकडे ऐकायलाच मिळत नाही ते येथे मिळाले तर मात्र रसिक येतील, समीक्षकही येतील. १९५५ मध्ये लोर्त्सिंग या जर्मन संगीतकाराचा डेअर विल्डश्युट्झ झाला. १९५८ मध्ये दोनिझेत्तीचा अॅना बोलेना आणि व्हेर्दीचा इ द्यूए फोस्कारी, १९५९ मध्ये व्हेर्दीचा आरोल्डो आणि रोसिनीचा ला गाझ्झा लाद्रा. व्हेर्दीसारख्या महापुरुषाच्या कृतीही दुर्लक्षित असू शकतात हे मला येथेच कळले. मोठ्या नावाच्या सावलीत त्याच माणसाची इतर कामे कोमेजतात.

असा एक विसरलेला ऑपेरा उभा करायचा म्हणजे काय काय करावे लागत असेल! आधी त्याची स्वरलेखनाची प्रत मिळवायची. ती मिळाली तरी भागत नाही, कारण प्रत्येक वादकाला त्याचा त्याचा स्वतंत्र भाग लिहिलेला लागतो. मग गायक. जी भूमिका शंभर वर्षांत कोणी गायली नाही ती शिकायला नामवंत गायक तयार होत नाही. एका पंधरवड्यासाठी एवढे पाठांतर त्याला परवडत नाही. यावर वॉल्श यांचा मार्ग असा की, ज्यांचे नाव अजून व्हायचे आहे अशा तरुणांना बोलवायचे. इटलीतून त्यांनी असे अनेक गायक आणले. १९५८ च्या अॅना बोलेनामध्ये फियोरेन्झा कोस्सोत्तो गायली, १९५९ मध्ये रोसिनीच्या ऑपेरात पिप्पो या मुलाची भूमिका जॅनेट बेकर हिने केली, १९६२ मध्ये बेल्लिनीच्या इ पुरितानीत मिरेल्ला फ्रेनी एल्विरा झाली. तिघीही तेव्हा विशीत होत्या. पुढे तिघींची नावे जगभर झाली. हे सर्व पत्रव्यवहार, करार, आकडेमोड एका नोकरी करणाऱ्या डॉक्टरने सांभाळली. रुग्णाला भूल देताना नाडीवर जी नजर ठेवावी लागते तीच येथेही कामी आली असावी, अशी माझी आपली एक कल्पना.

बाकी सारे गाव राबत असे. तिकिटे विकणारे, प्रेक्षकांना जागा दाखवणारे, पडद्यामागे दोर ओढणारे बहुतेक स्वयंसेवक होते. प्रेक्षागृहात पाहावे तर काळे सूट आणि बो टाय घातलेली, लंडन-डब्लिनहून आलेली मंडळी. हा विरोधाभास मला खटकला, हे नमूद करते. ज्या गावातून माणसे पोटासाठी बाहेर जातात त्या गावात बाहेरच्या श्रीमंतांसाठी सोहळा, असे कोणी म्हणाले तर त्याला वेडे ठरवता येणार नाही. पण गावकरी केवळ खुर्च्या मांडायला नव्हते. ते रंगमंचावर गात होते आणि काय गायचे ते ठरवणाऱ्या समितीतही बसत होते. हमालापुरते बोलावणे आणि यजमान असणे यांत अंतर आहे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. विसरलेल्या कृती विसरण्याच्याच लायकीच्या नसतील कशावरून? काळ हाच खरा परीक्षक असे आपले प्राध्यापकही सांगतात. पण अॅना बोलेनाचे उदाहरण घ्या. १८३० साली तिने दोनिझेत्तीला कीर्ती मिळवून दिली आणि नंतर ती जवळजवळ नाहीशी झाली. १९५७ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मारिया कालास ती गायली, दुसऱ्याच वर्षी वेक्सफर्डने ती केली, आणि आज मोठ्या नाट्यगृहांतून तिचे प्रयोग होत असतात. उलट वॉल्श यांनी १९६३ साली बाल्फचा द सीज ऑफ रोशेल केला. त्याला पुढे असे भाग्य लाभले नाही. म्हणजे काही परत आल्या, काही पुन्हा झोपी गेल्या. पण हा निवाडा व्हायला त्या आधी ऐकू याव्या लागल्या ना! कादंबरी ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर पडून राहिली तरी एखादी विद्यार्थिनी धूळ झटकून ती वाचू शकते. ऑपेराची प्रत नुसती उघडून ऑपेरा ऐकू येत नाही. त्यासाठी पन्नास वादक, गायक, पैसा आणि कोणीतरी हट्टी माणूस लागतो. काळ परीक्षक आहे हे खरे मानले तरी उत्तरपत्रिका त्याच्यापुढे ठेवायचे काम माणसालाच करावे लागते.

१९६० साली नाट्यगृहाच्या फेरबांधणीमुळे महोत्सव होऊ शकला नाही. तेवढे एक वर्ष सोडले तर १९५१ ते १९६६ पर्यंत सलग पंधरा महोत्सव वॉल्श यांनी केले. त्यांत १९६५ सालचा ला त्राव्हियाता यांसारखे लोकप्रिय ऑपेराही आले. गल्ल्याचा विचार त्यांनाही करावा लागतच असणार. १९६४ मध्ये डब्लिनच्याच चार्ल्स स्टॅनफर्डचा, शेक्सपिअरच्या मच अडू अबाउट नथिंगवरील ऑपेरा झाला आणि १९६५ मध्ये मास्नेचा दॉन किशॉत. पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणाऱ्या त्या वेड्या सरदाराची कथा निवडताना डॉक्टरांच्या मनात काय आले असेल कोण जाणे!

१९६६ नंतर त्यांनी सूत्रे ब्रायन डिकी या तरुणाकडे दिली. गावात राहून, स्वतः उभे केलेले काम दुसऱ्याच्या हातांत जाताना पाहणे सोपे नसते. आपल्याकडच्या कित्येक संस्था याच वळणावर मोडतात. वॉल्श लेखनाकडे वळले. जुन्या डब्लिनमधील ऑपेरावर त्यांचे एक पुस्तक १९५२ सालीच आले होते. आता १९७३ मध्ये अठराव्या शतकातील डब्लिनच्या ऑपेरावर, १९७५ मध्ये माँटे कार्लोच्या ऑपेरावर, १९८१ मध्ये पॅरिसच्या तेआत्र लिरिक या नाट्यगृहावर अशी एकामागून एक पुस्तके आली. गुनोचा फाउस्ट १८५९ साली प्रथम झाला तो याच नाट्यगृहात. तरी पॅरिसचा ऑपेरा म्हटले की लोक दुसऱ्याच इमारतीचे नाव घेतात. दॉन किशॉत १९१० साली प्रथम झाला तो माँटे कार्लोत. रंगमंच सोडला तरी डॉक्टरांचा शोध त्याच वाटेने चालला होता.

नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. महोत्सव थांबला नाही. जुने थिएटर रॉयल पुढे पाडण्यात आले आणि त्याच जागी, त्याच चिंचोळ्या हाय स्ट्रीटवर बांधलेले नवे ऑपेरागृह २००८ साली उघडले. २०१४ साली त्याला आयर्लंडच्या राष्ट्रीय ऑपेरागृहाचा मान मिळाला. मोठ्या प्रेक्षागृहात ७७१ खुर्च्या आहेत. रस्त्यावरून जाताना ते अजूनही घरांच्या रांगेत दडलेलेच दिसते. दर वर्षी महोत्सवाच्या दिवसांत तेथे डॉ. टॉम वॉल्श यांच्या नावाचे एक व्याख्यान होते, आणि संध्याकाळी बहुतेकांनी कधी न ऐकलेला एखादा ऑपेरा सुरू होतो.