जॉर्ज ईस्टमन : कॅमेरा घरोघरी नेणारा कारकून

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक कॅननवाले, दुसरे निकॉनवाले! मग लेन्स, झूम, मेगापिक्सेल यांवर रात्रभर चर्चा रंगते. आणि प्रत्यक्षात ट्रिपचे बहुतेक फोटो निघतात ते मोबाईलवर. मित्रांनो, असं का होतं? सामान्य माणूस कॅमेऱ्यात नेमकं काय शोधतो? मला याचं उत्तर एका बँक कारकुनाच्या आयुष्यात सापडलं. त्याचं नाव जॉर्ज ईस्टमन.

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिलचा. पुढे कुटुंब रॉचेस्टरला आलं. १८६२ मध्ये वडील वारले. एका बहिणीला पोलिओ. आई घरात भाडेकरू ठेवून संसार चालवायची. अशा परिस्थितीत शिक्षण कसलं? चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि जॉर्ज विम्याच्या ऑफिसात आठवड्याला ३ डॉलरवर पोऱ्या म्हणून लागला. १८७४ मध्ये बँकेत कारकुनी मिळाली, पगार आठवड्याला १५ डॉलर.

१८७७ मध्ये त्याने सॅन्टो डोमिंगोला जायचं ठरवलं आणि तिथले फोटो काढायला कॅमेरा घेतला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे काय? मोठी पेटी, जड स्टँड, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि वर काळोख करायला तंबू! काचेवर ओलं रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. एवढं सगळं विकत घेऊन जॉर्ज गेलाच नाही. पण हा व्याप कमी करता येईल का, हा किडा मात्र त्याच्या डोक्यात शिरला.

दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. ब्रिटिश मासिकांत आधीच तयार करून ठेवता येणाऱ्या कोरड्या प्लेटची माहिती येत असे, ती वाचून तो जिलेटिन उकळत बसायचा. दमला की चुलीजवळच आडवा व्हायचा. १८७९ मध्ये प्लेटवर लेप देणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याने लंडनमध्ये मिळवलं. १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँगच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली आणि जॉर्जने बँकेला रामराम ठोकला.

आणि १८८२ मध्ये घोटाळा झाला. विकलेल्या प्लेट निकामी निघू लागल्या. कंपनी बुडायची वेळ. जॉर्जने काय केलं? खराब माल परत घेतला आणि बदलून दिला. दोष शेवटी जिलेटिनमध्ये निघाला. मला वाटतं, त्याच्या ब्रँडवरचा विश्वास जाहिरातीच्या आधी इथे जन्मला.

१८८८ मध्ये त्याचा कोडॅक कॅमेरा आला. नावाला काही अर्थ नाही. ‘के’ हे अक्षर त्याला आवडायचं, म्हणून नावाच्या दोन्ही टोकांना ‘के’! किंमत २५ डॉलर आणि आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवा रोल भरून कॅमेरा घरपोच. फोटो गोल आणि अडीच इंचांचे. धंदेवाईक फोटोग्राफरच्या कामाशी तुलना केली तर डावेच, पण लोकांना त्याचं काय? बाळाचा फोटो घरच्या घरी निघत होता!

तरी २५ डॉलर म्हणजे कारकून जॉर्जचा दीड आठवड्याहून जास्त पगार. म्हणून १९०० मध्ये आला ब्राउनी, पुठ्ठ्याची साधी पेटी, किंमत फक्त १ डॉलर आणि रोल १५ सेंटला. पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर कॅमेरे गेले. मुलांच्या हातातसुद्धा कॅमेरा आला.

सगळंच गोड नव्हतं. पारदर्शक फिल्मच्या पेटंटवर हॅनिबल गुडविन या पाद्र्याचा दावा होता. त्या खटल्यात कंपनी हरली आणि १९१४ मध्ये तिला ५० लाख डॉलर मोजावे लागले. गुडविन मात्र १९०० मध्येच वारला होता.

आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे एमआयटी. शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसाने १९१२ पासून ‘मिस्टर स्मिथ’ या खोट्या नावाने त्या कॉलेजला कोट्यवधी डॉलर दिले. खरं नाव फुटलं १९२० मध्ये. आता तिथे त्याचा चेहरा असलेली पाटी आहे आणि परीक्षेच्या वेळी पोरं नशिबासाठी तिचं नाक घासतात. इंजिनिअरिंगची पोरं सगळीकडे सारखीच!

लग्न त्याने केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली. म्हातारपणी पाठीच्या कण्याच्या आजाराने तो जेरीस आला आणि १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. जगभरच्या लोकांना आनंदाचे क्षण जपायला शिकवणाऱ्या माणसाचा हा शेवट वाचून मी बराच वेळ सुन्न होतो.

पुढे १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. पण कंपनीचा जीव फिल्ममध्ये अडकलेला. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जॉर्जने काचेच्या प्लेटचा चालता धंदा असताना स्वतःच रोल फिल्म आणली होती. ते धाडस नंतरच्यांना जमलं नाही.

म्हणून कॅनन-निकॉनचा वाद खुशाल घाला, मजा येते. पण उद्या आपण एखादं यंत्र बनवू, तेव्हा ते वापरणाऱ्याचा किती व्याप कमी झाला, हे आधी बघायला हवं. मोबाईल जिंकला तो त्याच जोरावर, आणि एक डॉलरची ब्राउनीसुद्धा!