राजाने उंबरा कुठे ओलांडला?

रोजा ही एकांतातली इबादत आहे. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले, तर शेजाऱ्याला कळत नाही. कळते ते फक्त अल्लाहला. म्हणूनच शिपाई उभा करून कुणाकडून रोजा धरून घेता येत नाही. मग माणसाने नीतीने वागावे म्हणून सरकारने कायदे करावेत की नाही? कोल्हापूरकराला याच्या उत्तरासाठी लांब जावे लागत नाही. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगपर्यंत गेले तरी पुरे.

1906 मध्ये हे बोर्डिंग राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने सुरू झाले. 1874 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक आले आणि 1894 मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांनी कारभार हाती घेतला. पुढे वेदोक्त प्रकरणाने त्यांना धडा दिला. छत्रपती असूनही त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहित तयार नव्हता. आपली पायरी दुसऱ्याने ठरवली की काय वाटते, हे राजालाही कळले.

त्यांचे कायदे वाचताना हा धडा आठवतो. 1917 मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाची नोंदणी आली. 1919 मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. या कायद्यांनी कुणी कुणाशी लग्न करावे हे सांगितले नाही. ज्यांना करायचे होते, त्यांच्या वाटेतला अडसर तेवढा काढला. जात आणि भाऊबंदकी आडवी येत होती, तिथे सरकार त्या दोघांच्या पाठीशी उभे राहिले.

पण त्याच वर्षी स्त्रियांच्या छळाविरुद्धही कायदा झाला. इथे मात्र महाराजांनी घराचा उंबरा ओलांडला. हा आमचा घरगुती मामला, ही सबब त्यांनी मानली नाही. 1920 मध्ये मुली देवाला सोडण्याच्या प्रथेवर बंदी आली. ती श्रद्धेची बाब म्हणून सांगितली जाई. पण त्या पोरीला कुणी विचारले होते?

अस्पृश्यतेबाबत शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांना त्यांनी हुकूम दिले. या जागा सर्वांच्या होत्या. मनातला विटाळ मात्र हुकमाने जात नाही, हेही ते जाणून होते. म्हणून गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः जाऊन चहा प्याले.

दुसऱ्याला इजा होते तिथे कायदा, निवड स्वतःपुरती असते तिथे मोकळीक आणि मन बदलायचे तिथे स्वतःचे आचरण, अशी ही वाटणी मला दिसते.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. महाराजांना कुणाची मते मागावी लागत नव्हती. तेच चुकले असते, तर त्यांना कुणी अडवले असते? त्यांच्या हातातली ती ताकद आज मतपेटीतून बहुसंख्यांच्या हाती येते. कुणी काय खावे, कुणाशी लग्न करावे, देवाला कसे भजावे, याचे कायदे मागताना आपण आधी विचारले पाहिजे : यात नेमकी इजा कुणाला होते? उत्तर मिळाले नाही, तर तो उंबरा न ओलांडलेला बरा.

6 मे 1922 रोजी महाराज गेले. वय अवघे सत्तेचाळीस.

आज संध्याकाळी मगरिबची अजान होईल आणि रोजेदार खजुराला हात लावतील. कुणी खरेच दिवसभर उपाशी राहिले, याचा हिशेब सरकारदरबारी नसतो. तो तिथे नसतो, म्हणूनच रोज्याला मोल आहे.