सरसेनापती संताजी घोरपडे
(इयत्ता ४ थी)



आमच्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांची सगळी माहिती आहे. अफजलखान, पन्हाळा, शाहिस्तेखान, आग्रा, सगळं आहे. पण १६८० साली महाराज गेले आणि पुस्तक संपत येतं. पुढं काय झालं ते मी गुरुजींना विचारलं, तेव्हा त्यांनी मला कपाटातलं एक जाड पुस्तक दिलं. त्यातले सगळे मला समजले नाही. पण संताजी घोरपडे यांचा धडा मी तीनदा वाचला. म्हणून मी त्यांच्यावर लिहीत आहे.

संताजींचे घराणे कापशीचे. ते गाव आता कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यात आहे. वडलांचे नाव म्हाळोजी घोरपडे. बहिर्जी आणि मालोजी हे त्यांचे भाऊ. म्हाळोजी बाबा संभाजी महाराजांच्या सैन्यात मोठे अधिकारी होते. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला मोगलांनी अचानक छापा घातला आणि संभाजी महाराज पकडले गेले. त्यांना वाचवता वाचवता म्हाळोजी बाबा लढाईत पडले. पुढच्या महिन्यात औरंगजेबाने संभाजी महाराजांना फार हाल करून मारले. ते इथं लिहवत नाही.

आता बघा, त्या वेळी स्वराज्याची काय अवस्था असेल. राजा मारला. रायगडाला वेढा पडला. त्याच साली रायगड मोगलांनी घेतला आणि येसूबाई राणीसाहेब व लहानगे शाहूराजे कैद झाले. नवे राजे राजाराम महाराज वेष पालटून थेट तमिळ मुलखात जिंजीच्या किल्ल्यात गेले. बादशहाला वाटलं, संपलं सगळं.

तेव्हाच संताजींनी एक काम केले. मला सगळ्या धड्यात हेच जास्त आवडले. बादशहाची छावणी पुण्याजवळ भीमेच्या काठी तुळापूरला होती. छावणी म्हणजे आपल्या जत्रेतल्यासारखे चारदोन तंबू नव्हेत. तंबूंचं शहरच. हत्ती, घोडे, तोफा, बाजार आणि चोहीकडे पहारा. बादशहाच्या तंबूवर सोन्याचे कळस होते. संताजी, त्यांचे दोन्ही भाऊ आणि विठोजी चव्हाण थोडे निवडक स्वार घेऊन रात्री छावणीत शिरले. पहारेकऱ्यांनी हटकलं तर आपण बादशहाच्याच नोकरीतले मराठे आहोत असं सांगून आत गेले, असं बखरीत दिलं आहे. मग त्यांनी तंबूचे तणावे कापले. तणावे म्हणजे तंबू ताणून धरतात ते दोर. तंबू खाली बसला, खालची माणसं त्यात गुदमरली. सोन्याचे कळस काढून घेऊन हे लोक अंधारात सिंहगडाकडं पसार! बादशहा त्या रात्री दुसऱ्या तंबूत झोपला होता म्हणून वाचला, असेही बखरीत आहे. आमच्या घरी मांडवाचा एक दोर सोडायला दोन माणसं लागली होती आणि ती पण दिवसा.

कळस मिळाले म्हणून स्वराज्य श्रीमंत झाले नाही. पण लोकांना कळलं की बादशहाच्या डोक्यावरचं छत सुद्धा खाली येतं. लोक पुन्हा गोळा होऊ लागले.

पुढच्या साली म्हणजे मे १६९० मध्ये आपल्या साताऱ्याच्या किल्ल्याजवळ रुस्तुमखान नावाचा मोगल सरदार आला होता. त्याला मराठ्यांनी घेरून धरला. त्याच्या घरची माणसं पण सापडली. दंड घेऊन सोडून दिले. या लढाईत संताजींबरोबर धनाजी जाधव होते. धनाजी पण तेवढेच शूर. संताजी-धनाजी ही नावं आपण जोडीनेच घेतो. मोगलांचा घोडा पाणी पिताना बुजला तर पाण्यात संताजी-धनाजी दिसले का, असं स्वार घोड्याला विचारायचे, अशी गोष्ट माझी आजी सांगते. आजी शाळेत गेलेली नाही तरी तिला ही गोष्ट माहीत आहे.

१६९१ च्या सुमारास राजाराम महाराजांनी संताजींना सेनापती केले. त्यांची लढायची रीत अशी होती. मोगलांच्या फौजेमागं तोफा, बैलगाड्या, बाजारबुणगे, म्हणून ती गोगलगायीसारखी चालायची. संताजींच्या स्वाराकडं ओझं कमी असायचं. तंबू नाही, काही नाही. आज इथं तर दोन दिवसांनी भलतीकडंच. शत्रूचं सामान कुठं आहे, पाणी कुठं आहे, हे आधी हेरून ठेवायचं आणि मग घाला घालायचा. महाराष्ट्र ते जिंजी शेकडो मैलांचा रस्ता, पण संताजी तो पुन्हा पुन्हा तुडवत होते. १६९२ च्या डिसेंबरात त्यांनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला पकडला. तिथेही दंड घेतला.

सगळ्यात मोठी लढाई दोड्डेरीची. हे गाव कर्नाटकात चित्रदुर्गाकडे आहे. साल १६९५, महिना नोव्हेंबर. बादशहाने कासीमखान आणि खानाजादखान यांना पाठवले होते. खानाचे तंबू आणि सामान एक मुक्काम पुढं पाठवलेले होते. संताजींनी आपल्या फौजेचे तीन भाग केले. पहिल्या भागाने पुढचं सामान लुटलं. ते ऐकून खानाची फौज तिकडं धावली, तिला दुसऱ्या भागाने वाटेत अडवलं. तेवढ्यात तिसऱ्या भागाने मागं राहिलेली छावणी लुटली. आम्ही मधल्या सुट्टीत खडूने आखून ही लढाई खेळलो. दोन भाग करून जमत नाही, तीनच लागतात.

मोगल दोड्डेरीच्या लहान गढीत शिरले. तिथलं धान्य संपलं. ओझ्याची जनावरं खाल्ली. कासीमखान तिथंच मेला. शेवटी खानाजादखानाने २० लाख रुपये आणि सगळे हत्ती, घोडे, सामान देण्याचं कबूल केलं. मग उपाशी मोगल शिपाई गढीतून बाहेर आले, तेव्हा मराठ्यांनी त्यांना भाकरी आणि पाणी दिलं. मोगलांच्याच इतिहासात हे लिहिलेलं आहे, म्हणून खरं मानायला हरकत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणला हिंमतखान लढाईत मारला गेला. संताजी येतात म्हटलं की मोठमोठ्या सरदारांना घाम फुटायचा. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. त्याने सुद्धा ते कबूल केलेलं आहे.

इथपर्यंत वाचून मला फार आनंद झाला होता. पुढचं पान मात्र वाईट आहे.

संताजी शिस्तीला फार कडक होते. लहान चुकीला पण मोठी शिक्षा द्यायचे. त्यामुळं बरेच सरदार मनातून नाराज होते. राजाराम महाराजांशी त्यांचं बिनसलं. १६९६ साली महाराजांनी धनाजींचा पक्ष घेतला आणि जिंजीच्या मुलखात संताजी आणि धनाजी एकमेकांशीच लढले. ज्यांची नावं आपण जोडीनं घेतो तेच! संताजी जिंकले. राजाराम महाराज त्यांच्या हाती सापडले, पण दुसऱ्या दिवशी संताजी हात जोडून त्यांच्यापुढं उभे राहिले आणि त्यांना मानाने सोडलं, असं लिहिलेलं आढळतं. पण त्याच लढाईत अमृतराव निंबाळकर पकडले गेले होते. त्यांना संताजींनी हत्तीच्या पायी दिले. माझ्या मते हे त्यांनी करायला नको होतं. दोड्डेरीला शत्रूला भाकरी दिली आणि इथं आपल्या माणसाला माफी नाही, हे मला कळत नाही. गुरुजी म्हणाले, मोठ्या माणसांचं पण सगळंच बरोबर नसतं.

मग संताजींचे सेनापतिपद गेले आणि धनाजी सेनापती झाले. पुढच्या वर्षी पुन्हा लढाई झाली तेव्हा संताजींचे बरेच लोक त्यांना सोडून गेले. थोड्याच माणसांनिशी ते आपल्या माण मुलखात आले. नागोजी माने म्हसवडचे. अमृतराव निंबाळकर हे त्यांच्या बायकोचे, राधाबाईंचे सख्खे भाऊ. राधाबाईंनी नवऱ्याला भावाचा सूड घ्यायला लावलं, असं खाफीखान सांगतो. जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात संताजी एका ओढ्यात अंघोळ करत होते. हातात हत्यार नव्हतं. तेव्हा नागोजीने त्यांना गाठून मारले. ज्यांना एवढ्या मोठ्या मोगल फौजेला धरता आलं नाही, ते आपल्याच माणसाच्या हातून गेले.

तो शंभू महादेवाचा डोंगर आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून दिसतो. आमच्याकडं जूनमध्ये ओढ्याला पाणी असतंच असं नाही. त्या साली पाऊस लवकर पडला असेल. आता मला तो डोंगर बघितला की हे आठवतं. आमच्या वर्गात माने आडनावाच्या दोघी आहेत, त्यांना कुणी चिडवू नये. गोष्ट ३०० वर्षांपूर्वीची आहे. आणि भाऊ हत्तीच्या पायी गेला तर कुठल्याही बहिणीला राग येणारच. मला पण भाऊ आहे. मला संताजींचं वाईट वाटतं आणि राधाबाईंचं पण वाटतं. आईला विचारलं तर ती काहीच बोलली नाही, चुलीकडं बघत राहिली.

संताजींचं शिर बादशहाकडं पोचलं. बादशहाला इतका आनंद झाला की ते घेऊन येणाऱ्याला त्याने खुशखबरखान अशी पदवी दिली. मला ती पदवी वाचून फार चीड आली. पण बादशहाची खुशी फार टिकली नाही. जिंजी पडायच्या आधी राजाराम महाराज निसटले आणि १६९८ साली महाराष्ट्रात परत आले. ते १७०० साली सिंहगडावर वारले तरी ताराराणींनी लढाई चालू ठेवली. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरला मेला. दिल्ली त्याला परत दिसली नाही.

संताजींच्या कापशीला सगळे सेनापती कापशी म्हणतात. सेनापतिपद काढून घेतलं होतं, पण गावाच्या नावात ते अजून आहे. कोल्हापुरी चपलांमध्ये कापशी नावाची चप्पल असते, ती पण याच गावावरून. माझ्या मामांकडे तसली आहे. चालताना करकर वाजते.