बहात्तरावे घर

ज्यांच्या घरी नववी-दहावीचे पोर आहे, त्यांच्या कानावर २, ८, १८, ३२ हा पाढा हमखास पडला असेल. अणूतल्या इलेक्ट्रॉनांची ही बैठकव्यवस्था. पोरे ती परीक्षेपुरती घोकतात. एका माणसाने मात्र साऱ्या जगासमोर तिच्यावर आपली पत लावली होती.

नील्स बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ चा, कोपनहेगनचा. वडील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. धाकटा भाऊ हाराल्ड गणिती, शिवाय १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्ककडून फुटबॉल खेळलेला. डॉक्टरेट मिळवून नील्स इंग्लंडला गेले आणि १९१२ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे पोहोचले. अणूला केंद्रक असते हे रदरफर्ड यांनी दाखवले होते. पण त्याभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून आत कोसळत का नाही, हे कोडेच होते. इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षांतच राहता येते, असे बोर यांनी १९१३ मध्ये मांडले आणि हायड्रोजनच्या वर्णपटाचा हिशेब चोख जुळला.

पुढे १९२१-२२ मध्ये त्यांनी सगळ्या मूलद्रव्यांची मांडणी हाती घेतली. सत्तावन्नपासून एकाहत्तरपर्यंतची ‘दुर्मिळ मृदा’ मूलद्रव्ये जुळ्या भावांसारखी का दिसतात? कारण भर पडते ती मुख्यतः आतल्या, चौथ्या कवचात. बाहेरचा चेहरा तोच राहतो. एकाहत्तरला ते कवच ३२ वर भरते. मग बहात्तरावे त्या कुटुंबातले असणार नाही. त्याची मांडणी २, ८, १८, ३२, १०, २ अशी येते आणि झिर्कोनियमची २, ८, १८, १०, २. शेवट सारखा, म्हणून स्वभावही सारखा.

अडचण अशी, की फ्रान्सच्या युर्बेन यांनी १९११ मध्येच दुर्मिळ मृदांमध्ये बहात्तरावे सापडल्याचा दावा केला होता. १९२२ मध्ये त्याला क्ष-किरणांचा आधार मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा बोरही काही काळ डळमळले. दावा खरा ठरता तर त्यांच्या मांडणीचा पायाच खचला असता. बोर यांच्या संस्थेत कोस्टर आणि हेवेशी यांनी मग झिर्कोनियमच्या खनिजांतच शोध घेतला. डिसेंबर १९२२ मध्ये नोबेल स्वीकारण्यासाठी बोर स्टॉकहोमला असतानाच दूरध्वनीवर बातमी आली आणि ११ तारखेच्या व्याख्यानाच्या अखेरीस त्यांनी ती जाहीर केली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून मूलद्रव्याचे नाव ठेवले गेले हाफ्नियम.

गंमत अशी, की त्या रेखीव कक्षा फार काळ टिकल्या नाहीत. १९२५ मध्ये पाउली यांनी प्रत्येक कवचातल्या जागांचे कारण दिले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांचे समीकरण आले आणि कक्षांच्या जागी संभाव्यतेचे ढग आले. बोर यांनी या नव्या विचाराला विरोध केला नाही, उलट त्याचे पुढारपण केले. स्वतः बांधलेली भिंत पाडायला लागणारे धैर्य नोबेलपेक्षा दुर्मिळ असते.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी बोर गेले. १९९७ मध्ये आवर्तसारणीतले १०७ वे घर त्यांच्या नावाने झाले: बोरियम. इतरांची घरे लावून देणाऱ्याला अखेर स्वतःचे घर मिळाले.