बीथोव्हेनची स्वरसाधना

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी बॉन नावाचे नगर आहे. या नगरात १७७० च्या डिसेंबर महिन्यात लुडविग व्हान बीथोव्हेन याचा जन्म झाला. त्याचे वडील तेथील दरबारात गायक होते. मोझार्टप्रमाणे आपला मुलगाही बालपणीच कीर्तिमान व्हावा, या हव्यासाने ते त्याच्याकडून कठोर मेहनत करून घेत. पुढे ते मद्याच्या आहारी गेले. १७८७ मध्ये आई निवर्तली आणि दोन धाकट्या भावांचा भार कोवळ्या वयातच लुडविगवर येऊन पडला. परंतु त्याची संगीतसाधना खंडित झाली नाही. १७९२ मध्ये तो व्हिएन्ना नगरीस गेला. तेथे थोर संगीतकार हायडन याच्याजवळ त्याने अध्ययन केले आणि लवकरच निष्णात पियानोवादक म्हणून नाव मिळवले.

१७९६ मध्ये तो प्रशियाची राजधानी बर्लिन येथे गेला. राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम हा संगीताचा भोक्ता असून स्वतः चेलो वाजवीत असे. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे वाद्य होय. त्यास चार तारा असतात. वादक आसनावर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो व गजाने वाजवितो. त्याचा नाद खर्जाचा, गंभीर आणि माणसाच्या कंठासारखा भावपूर्ण असतो. तथापि त्या काळी पियानोच्या संगतीत चेलोला दुय्यम स्थान असे. पियानोवादकाच्या डाव्या हाताच्या स्वरांना दुजोरा देणे, एवढेच काम बहुधा त्याच्या वाट्याला येई. हायडन आणि मोझार्ट यांनीही या दोन वाद्यांच्या जोडीसाठी एकही सोनाटा लिहिला नव्हता.

बीथोव्हेनने ते धाडस केले. राजाच्या पदरी ड्यूपोर नावाचे दोन बंधू नामांकित चेलोवादक होते. त्यांपैकी एकाच्या साथीने त्याने आपले दोन नवे सोनाटे दरबारात सादर केले. संतुष्ट झालेल्या राजाने त्याला मोहरांनी भरलेली सोन्याची डबी दिली, अशी नोंद त्याचा शिष्य रीस याने केली आहे. या सोनाट्यांत चेलोला स्वतंत्र स्वर मिळाला खरा; पण पियानोचेच वर्चस्व अद्याप होते.

याच सुमारास त्याच्यावर मोठा आघात झाला. १७९८ च्या आसपास त्याला ऐकू येणे कमी होऊ लागले. संगीतकाराला याहून दारुण संकट ते कोणते? उपचार निष्फळ ठरले. १८०२ मध्ये हाइलिगेनश्टाट या खेड्यात राहत असताना त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. जगणे नकोसे झाले असताही अंगची कला पूर्णपणे प्रकट केल्यावाचून जग सोडता येत नाही, असा त्याचा आशय होता. ते पत्र त्याने कधी पाठविले नाही. मृत्यूनंतर ते त्याच्या कागदपत्रांत सापडले.

तो निर्धाराने पुन्हा कामाला लागला. १८०८ मध्ये त्याने तिसरा सोनाटा पूर्ण केला. त्याच्या आरंभी पियानो स्तब्ध राहतो आणि चेलो एकटाच गाऊ लागतो. मग पियानो त्याला उत्तर देतो. आता एक स्वामी व दुसरा सेवक असे नाते उरले नव्हते. दोघे समान योग्यतेचे मित्र झाले होते. चेलोचा खर्ज पियानोच्या नादात बुडून जाऊ नये, म्हणून कोणते स्वर कोणत्या वाद्याला द्यावेत, हे बीथोव्हेनने पुनःपुन्हा तपासले. त्याच्या हस्तलिखितात खाडाखोडीची गर्दी दिसते. १८०९ मध्ये सोनाटा छापून आला, तेव्हा त्यात पुष्कळ चुका राहिल्या होत्या. त्याने त्यांची यादी करून प्रकाशकाकडे धाडली.

१८१४ नंतर बहिरेपणामुळे त्याला मैफलीत पियानो वाजविणे जवळजवळ सोडावे लागले. तरीही १८१५ मध्ये त्याने लिंके या चेलोवादकासाठी आणखी दोन सोनाटे रचले. पाचव्या सोनाट्याच्या अखेरीस एका वाद्याने आरंभिलेले स्वरवाक्य दुसरे वाद्य मागाहून उचलते आणि स्वरांचे धागे एकमेकांत गुंफले जातात. ही रचना त्या काळी अनेकांना दुर्बोध वाटली. परंतु लोकांना रुचावे म्हणून त्याने आपली वाट बदलली नाही.

२६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्ना येथे त्याचे देहावसान झाले. त्याच्या अंत्ययात्रेस हजारो नागरिक लोटले होते. ज्या चेलोने पूर्वी केवळ साथ करावी, त्याला त्याने पियानोच्या बरोबरीस आणून बसविले. आज जगभरचे चेलोवादक हे पाच सोनाटे आदराने अभ्यासतात. त्यांतील अखेरचे सोनाटे रचणाऱ्याला ते कानांनी धडपणे ऐकताही येत नव्हते. ते त्याने अंतःकरणात ऐकले आणि जगाच्या स्वाधीन केले.