कागद देऊन माणसे जगवणारा नान्सेन

नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) यांना जग ओळखते ते ध्रुवप्रदेशाचे धाडसी संशोधक म्हणून. १८८८ साली त्यांनी ग्रीनलँडचा बर्फ स्कीवरून पार केला. पण निर्वासितांसाठी त्यांनी केलेली लढाई त्याहून कठीण होती.

१९१५ पासून ओटोमन तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांचा वंशसंहार झाला. जे वाचले त्यांचे घर गेले, देशही गेला. १९२३ च्या लोझान तहात आर्मेनियाचा उल्लेखसुद्धा नव्हता. ज्याला कोणतेच राज्य आपला मानत नाही, त्याने न्याय मागायचा कोणाकडे?

राष्ट्रसंघाचे निर्वासित आयुक्त असलेल्या नान्सेन यांनी हे दुखणे नेमके ओळखले. १९२२ साली त्यांनी रशियन निर्वासितांसाठी ओळखपत्र सुरू केले. १९२४ पासून ते आर्मेनियनांनाही मिळू लागले. या 'नान्सेन पासपोर्ट'ने नागरिकत्व मिळत नव्हते. पण माणसाला नाव मिळाले, सरहद्द ओलांडून काम शोधता आले. १९२२ च्या शांतता नोबेलचे पैसेही त्यांनी मदतकार्याला दिले.

१९२५ साली ते स्वतः आर्मेनियात गेले. जमीन ओलिताखाली आणून निर्वासितांना तिथे वसवण्याची योजना त्यांनी मांडली. बड्या राष्ट्रांनी सहानुभूती दाखवली, पैसा मात्र दिला नाही.

दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्काला कागद लागतो. नान्सेन यांनी तो मिळवून दिला, हेच त्यांचे मोठेपण.