फिल ऑक्स : राजकीय संशयाचा उपहासकार

अमेरिकन लोकगीत-चळवळीच्या विवेचनात फिल ऑक्स हे नाव बहुधा बॉब डिलनच्या पाठोपाठ, ओझरते येते. वस्तुतः सत्तेच्या संशयग्रस्ततेचा उपहास त्याच्याइतक्या सातत्याने क्वचितच कोणी केला असेल.

ऑक्सचा जन्म १९ डिसेंबर १९४० रोजी टेक्सास राज्यातील एल पासो येथे झाला. वडील डॉक्टर; महायुद्धातून परतल्यावर ते मनोविकाराने ग्रासले. ओहायो स्टेट विद्यापीठात ऑक्स वृत्तपत्रविद्येचा विद्यार्थी होता. १९६० च्या निवडणुकीत केनेडी जिंकतील अशी पैज त्याने मित्राशी लावली आणि तीत गिटार जिंकली. विद्यार्थी-पत्राचे संपादकपद नाकारले गेल्यावर पदवी न घेताच १९६२ मध्ये तो न्यूयॉर्कला आला.

मॅकार्थीचा अंमल तेव्हा ओसरला होता; साम्यवादाचा बागुलबुवा मात्र कायम होता. १९५८ मध्ये निघालेल्या जॉन बर्च सोसायटीच्या संस्थापकाला तर आयझेनहॉवरही साम्यवाद्यांचा हस्तक वाटे. हा विषय ऑक्सने वार्ताहराच्या शिस्तीने हाताळला. न्यूयॉर्क टाइम्सच्या ब्रीदवाक्यावर कोटी करणारे शीर्षक असलेली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९६४ मध्ये आली. पारपत्राविना क्यूबाहून परतल्याबद्दल विल्यम वर्दी या पत्रकारावर खटला झाला होता. त्यावरील गीत तिच्यात आहे. स्वातंत्र्याची द्वाही फिरविणारे शासन नागरिकाच्या प्रवासाला भिते, ही विसंगती ते हसत हसत उघडी पाडते. १९६२ च्या क्यूबा-पेचावरील रचना ‘टॉकिंग ब्लूज’ प्रकारची, म्हणजे तालावर बोलत जाण्याची आहे. तिचा निवेदक गाळण उडालेला सामान्य माणूस. येथे भयाची टिंगल आहे, भ्यालेल्याची नाही. १९६६ मधील उदारमतवाद्यांवरील गीतात त्याने स्वतःच्या श्रोत्यांनाही सोडले नाही. उपहासकार म्हणून त्याची खरी कसोटी तेथेच लागते.

१९६८ च्या शिकागो अधिवेशनासाठी त्याने सहकाऱ्यांसह राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून एक डुक्कर उभे केले. पोलिसांच्या लाठीमाराने मात्र त्याची उमेद खचली. पुढच्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याने स्वतःचा थडग्याचा दगड छापला. मृत्युस्थळ शिकागो, वर्ष १९६८.

१९७१ मध्ये चिलीत तो व्हिक्टर हारा या गायकाला भेटला. १९७३ च्या लष्करी उठावात हाराची हत्या झाली. त्याच वर्षी दार-ए-सलाममध्ये लुटारूंनी गळा आवळल्याने ऑक्सच्या आवाजाची वरची पट्टी कायमची गेली. त्यामागे सी. आय. ए. असल्याचा संशय त्याच्या मनात घर करून बसला. १९७५ मध्ये तो जॉन ट्रेन हे नाव लावून वावरू लागला. फिल ऑक्सला आपणच ठार केले, असे तो सांगे. गुप्तचर मागावर आहेत या समजुतीने तो जवळ हत्यारे बाळगी. पित्याचा आजार त्याच्यातही उतरला होता, हे नाकारता येत नाही. पण त्याच वर्षी सिनेटच्या चर्च समितीपुढे गुप्तचर संस्थांनी नागरिकांवर ठेवलेल्या बेकायदा पाळतीचे पुरावेही येत होते.

९ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने बहिणीच्या घरी जीवनयात्रा संपविली. पुढे एफ. बी. आय. ची त्याच्यावरील सुमारे पाचशे पृष्ठांची फाईल उघड झाली. मृत्यूनंतरही तीत त्याची गणना संभाव्य धोकादायक व्यक्तींत होत होती. आडनाव मात्र अनेक ठिकाणी ‘ओक्स’ असे चुकीचे नोंदलेले आढळते.